काळ्या मातीवर आरसी बगी तोलताना

वळणावर आरसी बगी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणारी छोटी शर्यतीची गाडी, मागून सुटली की आपल्याकडे पहिला हात जातो तो स्प्रिंगकडे. मागची स्प्रिंग मऊ करा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल बदला, टायर बदला, आणि एवढं करूनही सुटत असेल तर चालवणाऱ्याला नावं ठेवा. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करतो. गाडी आधी काट्यावर, मग ट्रॅकवर, आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी. चार चाकांखाली किती ग्रॅम आहेत हे ठाऊक नसताना केलेलं सेटिंग म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

इथे आकडे देतोय ते एका 1:10 (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) टू-व्हील-ड्राइव्ह बगीचे, म्हणजे जिची फक्त मागची चाकं मोटर फिरवते. मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) 285 मिमी, डाव्या-उजव्या टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत पुढचं-मागचं सरासरी 215 मिमी, 13.5 टर्नची ब्रशलेस मोटर, टू-सेल शॉर्टी (आखूड) बॅटरी 225 ग्रॅम. ट्रॅक जळगाव-भुसावळ पट्ट्यातला नेहमीचा: कापूस निघाल्यावर मोकळं झालेलं रान, खाली काळी माती, वर मुरमाचा पातळ थर, पाणी मारून रोलर फिरवलेला. कडेला ठिबकच्या जुन्या 16 मिमी नळ्या, दोन-दोन एकत्र बांधून खिळ्यांनी ठोकलेल्या. एकच नळी ठेवली तर बगी तिच्यावरून उडी मारून शेजारच्या लेनमध्ये जाते, म्हणून दोन.

काट्यांचं म्हणाल तर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, 5 किलो झेपेचे आणि 1 ग्रॅम दाखवणारे स्वयंपाकघरातले चार काटे पुरतात. जळगावात सराफाचा काटा मिळायला काही तोटा नाही, पण त्याला मिलीग्राम कळतात आणि आपल्याला ते नको असतात. सराफाकडून मागायची गोष्ट वेगळी: प्रमाणित 500 ग्रॅमचं वजन. तेच वजन पाळीपाळीने चारही काट्यांवर ठेवून बघायचं. एखादा काटा 2-3 ग्रॅम जास्त दाखवत असेल तर त्यावर पेनाने तसं लिहून ठेवायचं आणि तो आकडा वजा करायचा. काटे शहाबादी फरशीवर मांडू नयेत, तिला कायम चढउतार असतो. ओट्याचा ग्रॅनाइट उत्तम. त्यावरही गवंड्याची पाणसळ ठेवून पाहावी आणि काटा खाली वाटला तर खाली पत्त्यांचा कॅट पसरावा. एक पत्ता साधारण पाव-एक तृतीयांश मिलिमीटर जाड असतो, ते माप या कामाला बरोबर बसतं.

गाडी तोलायची ती शर्यतीला उतरते तशी: बॉडी, विंग, बॅटरी, जे टायर लावणार तेच टायर. धुळीचा थर ब्रशने काढलेला. त्याआधी शॉक काढून व्हर्नियरने मोजायचे. डाव्या-उजव्या शॉकची पूर्ण ताणलेली लांबी 0.2 मिमीच्या आत सारखी हवी. विशबोन, म्हणजे चाकांना चेसिसशी जोडणारे हात, उचलून सोडले की स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवेत. पिन वाकलेली असेल किंवा बॉल-कपमध्ये मुरूम अडकला असेल तर काटा जे सांगेल ते खोटं. गाडी 15 सेंमीवरून दोनदा टपकन सोडून सस्पेन्शन बसू द्यायचं, मगच काट्यांवर ठेवायची. वाचन एकदा घेऊन भागत नाही. शॉकच्या सीलमुळे 3 ते 5 ग्रॅम इकडेतिकडे होतात. दाबून, सोडून, पुन्हा वाचून मधला आकडा धरायचा.

पहिलं वाचन असं आलं: पुढचा डावा 298, पुढचा उजवा 286, मागचा डावा 506, मागचा उजवा 470. एकूण 1560 ग्रॅम. पुढे 584 म्हणजे 37.4 टक्के. डावीकडे 804, उजवीकडे 756.

पुढचं-मागचं नंतर. आधी हा 48 ग्रॅमचा डावा-उजवा फरक मिटवायचा. तो असताना गाडी एका बाजूच्या वळणावर चांगली आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर वाईट चालते, आणि चालवणारा मग चांगल्या बाजूवर विश्वास ठेवून सेटिंग करत बसतो. थांब्यावरून फुल थ्रॉटल दिला की नाक एका बाजूला ओढतं. बरेच जण ते रिमोटवरच्या स्टिअरिंगच्या ट्रिमने (सरळ रेषा जुळवायच्या बटणाने) झाकतात. ट्रिमने सरळ रेषा सरळ होते, वळण मात्र बिघडलेलंच राहतं.

या गाडीत मोटरचा डबा आणि सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) दोन्ही डावीकडे झुकलेले, वर ईएससीही (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) डावीकडे बसवलेला. मोटर हलत नाही, सर्वोही नाही. ईएससी वायरी आणि कपॅसिटरसकट 70 ग्रॅम, उजवीकडचा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) 10 ग्रॅम, दोन्ही मध्यरेषेपासून 35 मिमीवर. जागांची अदलाबदल केली तर 60 ग्रॅमचा फरक 70 मिमी सरकतो. 60 गुणिले 70 भागिले 215, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम डावीकडून उजवीकडे जातात. डावी बाजू 784, उजवी 776. राहिला 8-9 ग्रॅमचा फरक. दहाच्या आत आलं की आम्ही थांबतो. तेवढ्यासाठी शिसं चिकटवून गाडीचं वजन वाढवणं परवडत नाही.

ही अदलाबदल सोपी वाटते, पण तिथेच दोन घोळ होतात. मोटरच्या तीन वायरी आता लांब पडतात किंवा आखूड. ताणून जोडल्या तर पहिल्या उडीत टाका सुटतो. आणि रिसीव्हर मोटरच्या वायरींना चिकटून बसला तर गाडी मध्येच झटके खाते. रिसीव्हर त्यांच्यापासून दोन बोटं तरी लांब ठेवावा आणि अँटेना उभी नळीत घालावी.

अदलाबदलीनंतर चार काट्यांवर आलं: 300, 284, 484, 492. पुढे डावा जड, मागे उजवा जड. आता हा वजनाचा दोष राहिलेला नाही. ही चेसिसची पीळ आहे, चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असावा तशी. इथे एक नियम पाठ असलेला बरा: स्प्रिंगच्या कॉलर (शॉकवरची, स्प्रिंग दाबून धरणारी आट्यांची कडी) फिरवून गाडीचं पुढचं, मागचं, डावं किंवा उजवं एकूण वजन कधीही बदलत नाही. बदलते ती फक्त कर्णांची बेरीज. एका कोपऱ्याची कॉलर घट्ट केली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या कर्णावरच्या कोपऱ्यावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा तेवढाच कमी होतो. इथे पुढचा डावा अधिक मागचा उजवा 792 आणि दुसरा कर्ण 768 होता. मागच्या डाव्या शॉकची कॉलर थोडी थोडी घट्ट करत 294, 290, 490, 486 वर आणलं. दोन्ही कर्ण 780.

एक सावधगिरी. कॉलरला दोन फेऱ्यांहून जास्त फरक करावा लागत असेल तर कॉलर सोडून द्यावी आणि चेसिस काचेवर ठेवून बघावं. कार्बन फायबरची चेसिस वरच्या डेकचे स्क्रू चुकीच्या क्रमाने आवळले तरी पीळ धरते. सगळे स्क्रू अर्धा फेरा ढिले करायचे, गाडी काचेवर दाबून धरायची, आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळायचे. काटे नसतील त्यांच्यासाठी जुना उपाय आहेच: चेसिसच्या पुढच्या टोकाखाली बरोबर मध्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून हळू उचलायचं. दोन्ही चाकं एकदम सुटली तर ठीक. एक आधी सुटलं तर त्या बाजूला भार कमी आहे.

आता पुढचं-मागचं, आणि खरी गंमत इथे आहे.

37.4 टक्के पुढे म्हणजे वाईट गाडी असं नाही. सुक्या, भुसभुशीत मुरमावर टू-व्हील-ड्राइव्हला मागच्या चाकांवर भार लागतोच, नाहीतर थ्रॉटल दिला की चाकं जागच्या जागी माती उकरतात. 1984 साली टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीने आरसी10 ही बगी बाजारात आणली तेव्हा तिची मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे होती, ती याच कारणाने. त्या काळचे ट्रॅक सैल मातीचे होते. पुढे ट्रॅक कडक झाले, टायर सुधारले आणि मोटर अ‍ॅक्सलच्या पुढे आली. आपले ट्रॅक सकाळी तेव्हाच्या ट्रॅकसारखे असतात, आणि पाणी मारून तासभर वाळले की आजच्या ट्रॅकसारखे. एकाच दिवसात गाडीला दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून बॅटरीची जागा बदलता येणं आम्ही महत्त्वाचं मानतो. गाडीत हलवता येण्यासारखी सगळ्यात जड वस्तू तीच.

हिशोब सोपा आहे. हलवलेलं वजन गुणिले हलवलेलं अंतर भागिले व्हीलबेस. 225 ग्रॅमची बॅटरी 22 मिमी पुढे सरकवली की 17 ग्रॅम मागून पुढे जातात. 1560 मध्ये ते 1.1 टक्के. कागदावर क्षुल्लक, पण वळणात शिरताना स्टिअरिंग दिल्या दिल्या नाक आत येतं की क्षणभर सरळ जाऊन मग येतं, हा फरक एवढ्यातच पडतो. बॅटरीच्या पुढे-मागे 10 आणि 5 मिमीचे फोमचे तुकडे ठेवतो. पुढचा काढून मागे घातला की झालं. फोम दाबून बसायला हवा. सैल राहिला तर ब्रेक मारला की बॅटरी पुढे आणि थ्रॉटल दिला की मागे, म्हणजे गाडीचं सेटिंग प्रत्येक वळणावर आपोआप बदलतं. बॅटरी पुढे घेतल्यावर तिच्या वायरी स्टिअरिंगच्या बेलक्रँकला (सर्वोची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांडीला) घासत नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बघायचं.

एवढ्यानेही पुढून सरळ जात असेल तरच वजन घालायचं. मोटारींच्या चाकाला लावतात ती 5 आणि 10 ग्रॅमची चिकटपट्टी कुठल्याही टायरवाल्याकडे मिळते. ती प्रयोगाला ठीक. कायमचं ठेवायचं असेल तर लेथवाल्याकडून पितळेचा तुकडा करून घ्यावा. 40 × 20 × 3 मिमी पितळ म्हणजे साधारण 20 ग्रॅम. त्याच मापाचं लोखंड 19 आणि शिसं 27 ग्रॅम भरतं. शिसं कापलं तर हात साबणाने धुवावेत आणि तुकडा हीट-श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत) गुंडाळावा, उघडं वापरू नये. हा 20 ग्रॅमचा तुकडा पुढच्या अ‍ॅक्सलच्या 25 मिमी पुढे, बंपरच्या वर बसवला तर पुढे जवळजवळ 22 ग्रॅम वाढतात आणि मागचे पावणेदोन कमी होतात, कारण तो अ‍ॅक्सलच्या पलीकडे टांगल्यासारखा असतो. एकूण 1580, पुढे 623, म्हणजे 39.4 टक्के. कडक ट्रॅकवर या बगीला 39 ते 40 मानवतं. त्यापुढे गेलं की वळणातून बाहेर पडताना मागची चाकं फिरू लागतात.

टक्केवारी जुळली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. 25 ग्रॅम बंपरवर आणि 25 ग्रॅम मागच्या विंगच्या बुडाशी लावले, किंवा 50 ग्रॅम थेट मध्यावर ठेवले, काट्याला दोन्ही जवळपास सारखंच दिसतं. चालवताना जमीन-अस्मानाचा फरक. टोकांना वजन असलेली गाडी वळायला उशीर करते आणि एकदा वळायला लागली की थांबायलाही उशीर करते. सलग डावं-उजवं वळण आलं की ती दुसऱ्या वळणावर हमखास चुकते. सैल मातीवर हाच दोष कधी कधी गुण ठरतो, गाडी शांत चालते. नवीन हाताला आम्ही मुद्दाम थोडं टोकाला वजन ठेवायला सांगतो.

उंचीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. फळी घ्यायची, तिच्यावर गाडी आडवी ठेवायची, खालच्या बाजूच्या चाकांना पट्टीचा आधार द्यायचा, आणि फळीची एक बाजू उचलत जायची. शॉकच्या जागी ठरावीक लांबीच्या पट्ट्या लावून सस्पेन्शन घट्ट केलेलं हवं. वरची चाकं सुटतात तो कोन मोबाईलच्या लेव्हल अ‍ॅपवर वाचायचा. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अर्ध्या अंतराला, म्हणजे इथे 107 मिमीला, त्या कोनाच्या टॅनने भागलं की गुरुत्वमध्याची उंची मिळते. 67 अंशाला सुटली तर उंची सुमारे 45 मिमी. 48 असती तर 66 च्या आतच सुटली असती.

या 45 मिमीचा उपयोग असा. वळणावर गाडीच्या वजनाएवढाच बाजूचा जोर आला असं धरलं तर 1580 गुणिले 45 भागिले 215, म्हणजे 330 ग्रॅम आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातात. आत उरतात 460, बाहेर 1120. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे भार जितका एका बाजूला झुकेल तितकी चारही चाकांची मिळून पकड कमी. स्प्रिंग कडक केली तर झुकणं कमी दिसतं, पण सरकणारा एकूण भार जवळपास तोच राहतो. तो पुढे किती आणि मागे किती वाटला जातो एवढंच बदलतं. भार कमी करायचा तर वजन खाली आणायचं किंवा गाडी रुंद करायची. वायरी बॅटरीच्या वरून नेण्याऐवजी बाजूने न्या, ईएससीचा पंखा नको असेल तर काढा, बॉडीवर रंगाचे चार थर चढवू नका, राईड हाइट (चेसिसची जमिनीपासूनची उंची) 24 मिमीवरून 21 करा. राईड हाइट मात्र ट्रॅक बघून. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि 20 मिमीवर चेसिसचं नाक भेगेच्या कडेला अडकतं.

ट्रॅकवर तपासणी तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर करतो. खिळा, दोरी, चुन्याची रेघ. एकाच वेगाने फिरवायची, हळूहळू वेग वाढवायचा. रेघेच्या बाहेर सरळ निघाली तर पुढे पकड कमी, मागून गिरकी घेतली तर मागे कमी. तेच उलट दिशेने. दोन्ही दिशांना वेगवेगळी वागली तर पुन्हा काट्यावर, डावं-उजवं किंवा पीळ राहिलेली आहे. उडीवरही कळतं: थ्रॉटल तोच ठेवून उडवली आणि नाकावर पडली तर पुढे जास्त झालं. तो थ्रॉटल तोच ठेवायचा मुद्दा विसरू नये, कारण हवेत थ्रॉटल वाढवला की नाक वर येतं आणि ब्रेक लावला की खाली जातं. मग चूक वजनाची की बोटाची हे कळत नाही, भो.

उन्हाळ्याच्या इथल्या गोष्टी वेगळ्या. एप्रिल-मेमध्ये सावलीत 44-45 अंश असताना उन्हात ठेवलेल्या चेसिसला हात लावत नाही. दुहेरी टेपचा चिकट थर मऊ पडतो आणि वजनं पहिल्या मोठ्या उडीत सुटतात. पृष्ठभाग थिनरने पुसून, टेप लावून, वरून एक केबल टाय आवळायचा, किंवा एम3 स्क्रूने बसवायचं. वजन बॅटरीच्या अंगावर कधीच चिकटवू नये. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तापली की थोडी फुगते आणि धातूची कड तिला कापते. फेरी संपल्यावर बॅटरी 60 अंशांच्या वर असेल तर गिअरिंग कमी करावं. शॉकचं तेलही पातळ होतं, हिवाळ्यात 30 वेट (तेलाच्या दाटपणाचा आकडा) चालतं तिथे 35 लागतं. संध्याकाळी सातनंतर खेळणाऱ्याला हे सगळं निम्मं.

पाणी मारल्यावर पहिला अर्धा तास गाडी उतरवू नये, त्यात शहाणपणा आहे. काळी माती चिकटते, आणि चिकटते ती मागच्या विशबोनवर, चेसिसच्या मागच्या भागात आणि चाकाच्या आतल्या खोबणीत. फेरी मारून आलेली गाडी काट्यावर ठेवली तर 40-50 ग्रॅम सहज जास्त भरतात, बहुतेक मागे. म्हणजे मेहनतीने साधलेलं 39.4 पुन्हा 38 च्या आसपास. चाकातल्या मातीमुळे चाक थरथरतं ते वेगळंच. लाकडी काडीने खोबण साफ करायची, धातूच्या टोकाने नाही, टायरचा गोंद सुटतो. विशबोनच्या खालून सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात दिला तर माती कमी धरते. स्प्रे टायरवर उडू द्यायचा नाही.

फोर-व्हील-ड्राइव्ह बगीला हे सगळं लागू आहे, फक्त पुढे 45 ते 47 टक्के धरावं, कारण तिची पुढची चाकंही ओढतात. डांबरावरच्या टूरिंग गाडीला 48 ते 50. टामियाच्या टीटी-02 सारख्या गाडीत मधून शाफ्ट जातो, एका बाजूला लांब बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स. तिथे बॅटरी पुढे-मागे सरकवायला जागा जवळजवळ नाही, त्यामुळे डाव्या-उजव्याचा फरक बॅटरी निवडतानाच मिटवायचा. 300 ग्रॅमच्या पूर्ण लांबीच्या पॅकऐवजी 225 ग्रॅमची शॉर्टी घेतली आणि उरलेल्या जागेत फोम भरला की त्या बाजूला ठेवलेलं वजन 75 ग्रॅमने घटतं, आणि दुसऱ्या बाजूला शिसं घालायची गरज उरत नाही.